मधीच मुकं हुतंय

—मुकं हुतंय म्हंजे हुतंय, पावणं! आमच्या मालकांनी सांगितलं न्हवं? रविवारी चारचौघांत सांगितलं, मशीन मधीच मुकं हुतंय, नापास. झालं की मग. आता तुम्ही मुंबईवरनं आलाय, ह्या उन्हात गळ्याला टाय आवळून आलाय, म्हणून काय नापासाचं पास हुतंय व्हय? बसा. न्हाय, तिथं नगा, ती खुर्ची मालकांची हाय, हिकडं पंख्याखाली बसा. मालक पूजेला बसल्यात आत. आमच्यात इष्टलिंगाची पूजा असती— लिंग तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं अन् त्याच्याकडं बघत बसायचं. त्यात हाक मारायची न्हाय, उठवायचं न्हाय, कलेक्टर दारात आला तरी न्हाय. तवर मी काय सांगते ते ऐका, च्या घ्या, अन् मालक उठायच्या आत ते खोकं उचलून सुटा. का म्हंजे? आता का काय? उठल्यावर तुमच्यासंगं बोलत बसलं की जेवण लांबतंय. गोळ्या असत्यात त्यांच्या. बाकी काय न्हाय.

आता ते बाहेर कशाला काढताय? परवाच मी सुतळीनं आवळून बांधलं हुतं ते खोकं. काढलंसा? वायरबी लावली? लावा, लावा, लाईट बिल आम्हीच भरतोय. काय ते मशीन तरी! मला तर पहिल्या दिवसापास्नं शिसारी आलीया त्याची. हेडफोनचा अँप्लिफायर, अन् त्याच्याच पोटात ते आकड्याचं गाणं करणारं कन्व्हर्टर— माहीत हाय ओ मला, कॉम्प्युटरमधलं आकडं मागनं घालायचं अन् म्होरनं गाणं काढायचं, ह्याच घरात जलम गेलाय माझा. पर असलं गुळगुळीत मेलं! नुसता चिंचेनं घासल्यागत पत्रा, ना कुठं जाळी, ना कुठं फिरकी, एक बटण, ते बी लोण्यागत फिरतंय, कुठं थांबायचं कळत न्हाय. चालू केलं की आतनं टक् करतंय— पहिल्यांदा मला वाटलं पालच चुकचुकली. अन् ह्यो निळा दिवा! डोळ्यात बोट घातल्यागत. वरचा पत्रा एवढा तापतोय की आमचं मांजर दिवसभर त्याच्यावर अंग टाकून पडायचं. ह्याच्या किमतीत दुभती म्हस येती म्हणं. म्हस परवडली. मांजर तरी दूध प्यालं असतं.

तुम्हाला मालक कोण हे ठावं तरी हाय का? उद्यमनगरात जावा अन् शिवय्या आण्णा म्हणून इचारा. इंजिनच्या कारखान्यात टेस्टिंगला हुतं ह्ये, उभी हयात. इंजिन जोडून झालं की शेडात आणायचं, सुरू करायचं, अन् ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, दांडा कानाला. सांगायचं, बेरिंग सैल हाय. उघडलं की बेरिंग सैलच. पत्र्याचं छप्पर, खाली सगळी इंजिनं एकदम धडधडत्यात, पायाखालची फरशी हालतीया, अन् त्यातनं ह्ये लांबनं बोट दाखवायचं— ते कोपऱ्यातलं, त्याचा व्हॉल्व्ह गळतोय. मी एकदा डबा घेऊन गेलते, दारातनंच परत फिरले, डोकं फुटायची येळ. कानात बोळं घाला म्हटलं तर म्हणायचं, बोळं घातल्यावर ऐकू काय? उघड्या कानानं उभं ऱ्हायचं. अन् घरात येऊन परत आवाजच! व्हॉल्व्हचा, काचेच्या दिव्यांचा, गाण्याचा सेट स्वतः बांधलाय, तो बगा तिथं, ट्रान्सफॉर्मर ह्यांनी हातानं गुंडाळलाय त्याचा. गरम हुतोय, गुरगुरतोय, म्हाताऱ्या माणसागत खाकरतोय, पर जिवंत हाय. आता रविवारी निपाणीपास्नं, जयसिंगपूरपास्नं, पार बेळगावपास्नं माणसं येत्यात हितं, चटईवर बसत्यात. नवं मशीन कुणीबी घेऊ दे, आधी आण्णांच्या कानावरनं गेलं पाहिजे. पास म्हटलं की पास. नापास म्हटलं की दुकानदार कंपनीला परत धाडतोय. तुमचं परत धाडायचं ठरलं, म्हणून तुम्ही आलाय. मला सगळं कळतंय.

आँ? चालतंय? आत्ता चालतंय ओ! तवा न्हवतं चालत. तुमच्या लॅपटॉपवरनं चालतंय म्हंजे आमच्याकडं चालत हुतं असं थोडंच हाय! अन् चाललं तरी आवाज काय म्हणायचा त्यो? 'स' आला की कानात सुई. 'श' आला की फोडणीत पाणी पडल्यागत चर्र. तबल्याची शाई कशी वाजती ते ह्याला कळतच न्हाय, नुसतं टपटप, पत्र्यावर पाऊस पडल्यागत. डाव्या कानात एक, उजव्या कानात एक, मधी गाणारी बाई बसायला पाहिजे तिथं मोकळी जागा. अन् एवढं करून आवाज कसा, तर गोधडीखालनं आल्यागत मऊ, दबलेला, वरचं सगळं कापून टाकल्यागत— काय? सुई टोचती म्हणाले अन् वरचं कापलंयबी म्हणाले? मग? हुतंय की दोन्ही. एका टायमाला सुई, एका टायमाला गोधडी. तुम्ही लई बारीक धरताय पावणं, वकिलागत. मला काय कळतंय त्यातलं? मी कुठं ऐकलंय? मालक बोललं ते मी सांगतीय.

च्या घ्या, गार हुतोय. साखर कमी हाय का? आमच्यात वाईच जास्तच असती. —कोण म्हणालं? बेळगावचं दुकानदार म्हणालं का, की तुमच्या मशीनवर आण्णांनी कुणाला ऐकूच दिलं न्हाय? बरोबर हाय, न्हाय दिलं. असलं मशीन पावण्यांच्या कानाला लावायचं न्हाय म्हणालं अन् खोकं बंद केलं. नापास म्हंजे नापास, त्यात परत दहा जणांनी कशाला ऐकायचं? एवढी वर्षं त्यांचा शब्द कुणी मोडला न्हाय. त्यांनी मला कालवण चाखायला सांगितल्यागत प्रत्येक मशीन चाखायला लावलंय, लगीन झाल्यापास्नं— चुलीवर भाकरी असायची, पिठाचं हात, अन् आतनं हाक, शांते, हिकडं ये, हे ऐक अन् हे ऐक, फरक सांग. मी चिडायची. भाकरी करपायची. पर कान तयार झाला की न्हाय? झाला. म्हणून तर मी म्हटलं ह्यांना, अहो, झांज वाजून विझली तरी तिची शेपटी किती येळ ऐकू येती ह्याच्यात, आपल्या व्हॉल्व्हच्या सेटवर ती शेपटी कधी—

काय न्हाय. काय म्हणत न्हवते मी. च्या घ्या म्हटलं.

असं बघू नगा माझ्याकडं. ऐकलं असंल एकांदवेळ. बायकांनी ऐकू नये असं कुठं लिवलंय? झाडू मारताना लावला असंल हेडफोन कानाला. —मग चांगलं हाय का वाईट? मला काय इचारताय, मालकांना... न्हाय, न्हाय, मालकांना न्हाय! त्यांना काय इचारायचं न्हाय. पावणं, तुम्ही चांगल्या घरचं दिसताय. वय काय तुमचं? आई हाय न्हवं? मग तिच्या वयाची बाई काय म्हणती ते ऐका. त्यांना समोर बसवून ते लावायचं न्हाय. कुठं मुकं हुतंय दाखवा असं म्हणायचं न्हाय. भजनाची सीडी? कुठली भजनाची सीडी? ती काढून ठेवा ओ, ती घरची हाय! दुकानदारानं सांगितलं व्हय तुम्हाला, की आण्णा नेहमी त्या सीडीनं तपासत्यात? ह्या माणसांच्या तोंडाला झाकणच न्हाय.

दार लोटते वाईच. पूजेच्या खोलीचं न्हाय, ते राहू दे. रस्त्याचं.

तुम्ही पुण्या-मुंबईची माणसं. तुमच्यात नवरा-बायको एकमेकांत पुटपुटत बोलत्यात, शेजारच्या खोलीत कळायचं न्हाय. आमच्या गावात तसली पद्धतच न्हाय. हितं भाजीवाला वरडतोय, रिक्षावाला वरडतोय, सासू सुनंला लाडानं हाक मारती ती बी वरडून. परगावच्याला वाटतंय भांडण चाललंय, अन् चाललेलं असतंय, पोरीच्या बारशाला कोण कोण येणार. त्यामुळं झालं काय, एका माणसाचा कान हळूहळू गेला अन् कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. शेजाऱ्याच्या न्हाय, पोरीच्या न्हाय, माझ्या न्हाय. त्यांच्या स्वतःच्या तर न्हाईच. पुण्यात असतो तर आठ दिसांत कळलं असतं.

पुरा न्हाय गेला ओ! बहिरं म्हणायचं न्हाय त्यांना, खबरदार! जाड आवाज सगळं ऐकू येतंय. मृदंग येतोय, ट्रक येतोय, मी येते. गेलंय ते बारीक. वरचं. कुकरची शिट्टी गेली. चिमणी गेली. मला कळलं कधी, तर माझ्या लेकीची, सुष्मिताची पोरगी, आमची अंतरा, चालाय लागली तवा. ह्यांनी हौसेनं हुपरीला जाऊन नातीला पैंजण आणलं— कृष्णात म्हणून हाय तिथं, घरातच कारखाना हाय त्याचा, पिढीजात, बारीक घुंगराचं काम लई सुबक. पोरगी घरभर छुमछुम करत फिरतीय, अज्जा अज्जा करत ह्यांच्या मांडीवर चढतीय, अन् ह्ये मला म्हणत्यात, शांते, कृष्णातनं फसवलं, मुकी पैंजणं दिली. मी हसले. वाटलं चेष्टा करत्यात. तर ह्ये उठलं, टोपी घातली, पैंजण खिशात घालून यष्टीत बसलं, मी मागनं. तिथं जाऊन त्याच्या दारात उभं राहून अशी खरडपट्टी काढली त्याची! घुंगरात दाणा घातला न्हाईस, चांदी कसली, कथील हाय, अन् काय काय. कृष्णातनं पैंजण कानाशी हलवलं. वाजलं. परत हलवलं, ह्यांच्या तोंडाशी. सगळ्या घरानं ऐकलं, सांडशी हातात धरून माणसं बघत बसली. ह्ये म्हणत्यात, बघ, हाय का आवाज? त्यो कृष्णात माझ्या तोंडाकडं बघाय लागला. अन् त्या गुणी माणसानं काय केलं, चुकलं आण्णा म्हणाला, अन् बारकी घुंगरं कापून त्या एवढ्याशा पैंजणाला जाड जाड घुंगरं लावून दिली, बैलाच्या गळ्यात घालत्यात तसली दिसायची. पोरगी चालली की घरात बैलगाडी आल्यागत वाटायचं. ह्ये खूश. आता वाजतंय बघ, म्हणालं.

मी यष्टीत खिडकीकडं तोंड करून रडले. त्यांना वाटलं गाडी लागली, माझ्या हातात लिंबू दिलं.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर. सुष्मिताबी तेच म्हणती, कानात मशीन बसवू. बसवशील गं बाई. पर आधी त्यांना सांगावं लागंल न्हवं, का बसवायचं ते? तुम्ही सांगताय? कारखाना बंद पडला तवा ह्यो माणूस कसा झालता ते तुम्ही बघितलं न्हाय. भिंतीकडं तोंड करून पडायचं. दाढी न्हाय, पूजा न्हाय. जेवा म्हटलं की जेवायचं, झोपा म्हटलं की झोपायचं. मग निपाणीचा एकजण बिघडलेला सेट घेऊन आला, आण्णा, ह्यात काय बिघाड हाय तेवढं ऐकून सांगा म्हणाला. अन् ह्ये उठून बसलं. ऐकून सांगा. त्या दोन शब्दांवर उठलंय ते माणूस. त्यावर हितवर आलंय. तेवढं काढून घेतलंसा तर भस्म लावायला तरी कपाळ कुठनं आणू मी त्यांचं?

म्हणून मग मी. व्हय, मी! घ्या, झालं समाधान? नवं मशीन आलं की ह्ये म्हणत्यात, शांते, आधी तू ऐक, बाईमाणसाचा कान ताजा असतोय. मी ऐकते. सांगते. 'स' टोचतोय म्हटलं की ह्ये हेडफोन लावत्यात, डोळं मिटत्यात, अन् पावणं, शपथेवर सांगते, ते खरंच कळवळत्यात! टोचतंय त्यांना! मलाबी तेच वाटलं, म्हणत्यात. खोटं न्हाय बोलत माणूस. मी सांगितलं की त्यांना ऐकू येतंय. रविवारी तेच बोलत्यात, अन् माझ्यापेक्षा झकास बोलत्यात— मला सुई अन् गोधडीच्या म्होरं जाता येत न्हाय, ते इंजिनाची उदाहरणं देऊन असं समजावत्यात की दुकानदार वह्या काढत्यात. मी आतनं पोहे हलवत ऐकते. बेळगावपास्नं पुण्यापर्यंत कोण काय इकत घेणार ते माझ्या पोह्याच्या कढईवर ठरतंय. आवडतं मला. का आवडू नये? एवढी वर्षं भाकऱ्या करपवल्यात मी त्याच्यापायी.

मग तुमचंच का नापास? आलासा तिथंच. तुमच्या त्या मढ्यानं घात केला म्हणून. त्याच्या तोंडाला हेडफोनची दोन भोकं हायत. आजवर जेवढी मशीनं आली त्यांना एकच, एका टायमाला एकानं ऐकायचं— आधी मी, मग ह्ये. ह्याला दोन. ह्ये एवढं खूश झालं! शांते, दोघांनी बरोबर ऐकू म्हणालं. बस माझ्याशेजारी. कधी न्हाय ते मला खुर्चीशेजारी स्टूल दिलं, दुसरा हेडफोन स्वतः माझ्या डोक्यावर बसवला, केसात अडकला तर सोडवला. ह्या वयात. मला लाजच वाटली. अन् मी मठातल्या भजनाची सीडी लावली, ते भजन ह्यांनीच कधी काळी स्पूलच्या टेपवर घेतलेलं, जावयानं सीडी करून दिलीय. त्याच्यात सुरुवातीला नुसती झांज हाय. एकटी. बराच येळ. मग मृदंग येतोय, मग माणसं. आमच्या सेटवर काय हुतंय, त्याची ती घरघर असती, ती जाड हाय, ती त्यांना येती. घरघर आली की त्यांना वाटतंय सुरू झालं, ते मान डोलवत बसत्यात, तवर मृदंग येतोय. भागतंय. तुमच्या ह्याच्यात घरघर न्हाय. कायच न्हाय. इहिरीत डोकं घातल्यागत शांत, काळंकुट्ट, अन् त्या काळ्यात ती झांज—

तुम्हाला खरं सांगू? माझ्या अंगावर काटा आला. एवढं स्वच्छ मी जलमात ऐकलं न्हवतं. झांज धरलेल्या माणसाचा श्वास येतोय, दोरी बोटाला घासलेली येतीय, मठाच्या दगडी भिंतीवरनं आवाज फिरून परत आलेला येतोय. कुठं सुई न्हाय अन् कुठं गोधडी न्हाय. मी इकडं वळले, म्हटलं बघावं ह्यांच्या तोंडाकडं. तर ह्ये हसऱ्या तोंडानं वाट बघत बसल्यात. माझ्या कानात झांज वाजतीय, त्याच मशीनची, तीच झांज, हातभर अंतरावर ह्ये बसल्यात, अन् मला म्हणत्यात, लावलंस का गं?

शिसारी आली मला. त्या मशीनची. उचलून भिंतीवर आपटावं वाटलं. एवढं खरं कुणी मागितलं हुतं तुम्हाला?

मी काय म्हणणार हुते? लावलंय, तुम्हाला येत न्हाय म्हणू? ह्ये माझ्या हेडफोनकडं बघाय लागलं. मग मशीनच्या निळ्या दिव्याकडं. मग परत माझ्याकडं. तेवढ्यात त्यांच्या तोंडावर कायतरी आलं, ते पुरतं यायच्या आत मला पुसायचं हुतं. मी हेडफोन काढला अन् वरडले, मेलं बंद पडलं! आवाजच न्हाय! मग मृदंग आला बहुतेक तिकडं, ह्ये म्हणालं, आलं आलं. मी म्हटलं, म्हंजे मधीच मुकं हुतंय. व्हय की, म्हणालं. मधीच मुकं हुतंय. नापास. असा श्वास सोडला माणसानं, पावणं, की मला त्याच्यापायी तुमची सगळी कंपनी बुडाली तरी चाललं असतं.

तुमचं नुकसान झालं, कळतंय मला. तुम्ही मान खाली घालून बसू नगा. साहेब तुम्हाला बोलणार, मशीन चांगलं असून परत आलं म्हणून. तुमचंबी पोट हाय. मी काय राक्षीण न्हाय. पर तुमच्याकडं पुणं हाय, मुंबई हाय, बंगळूर हाय, तिथं दहा जण पास करतील. आमच्याकडं ह्यो एकच माणूस हाय. आता ती सीडी काढा लॅपटॉपमधनं अन्—

गप. घंटी वाजली. उठलं ते.

आलं बगा. बसा, बसा, उठू नगा, काय झालंच न्हाय असं बसा. —अहो! कंपनीचं पावणं आल्यात! मुंबईचं! व्हय, च्या दिलाय! —बगा कसं हसत्यात तुमच्याकडं बघून. आता मी हळू बोलतीय. जलमात एवढं हळू बोलले न्हाय मी कधी. ह्यांच्या म्होरं, हातभरावर, अन् त्यांना कायबी कळत न्हाय. माझं तोंड हलताना दिसतंय तेवढंच. —काय? साखर! साखर कमी पडली का इचारत हुते पावण्यांना! —बगितलंसा? पटलं?

खुर्चीत बसलं. पावणं, तुमचं ते चालू हाय. सीडी आत हाय. त्या लॅपटॉपवर हिरव्या रेघा नाचाय लागल्यात— झांज सुरू झाली असणार. त्यांची नजर तिकडं जायच्या आत झाका ते. त्यांनी हेडफोन उचलला. पावणं. —अहो, थांबा की! लावू नगासा! पावणं म्हणत्यात, तुमचं बरोबर हाय! मशीन मधीच मुकं हुतंय! आत सोल्डरिंग सुटलंय म्हणं! तुम्ही बरोबर धरलंसा म्हणत्यात, मुंबईत कुणालाच कळलं न्हवतं! —मान हलवा. माझ्याकडं नगा बघू, त्यांच्याकडं बघा अन् मान हलवा. तुमचं मशीन चांगलं हाय. मला ठावं हाय, तुम्हाला ठावं हाय. तेवढं पुरं करून घ्या. ते वाट बघत्यात. हलवा की ओ.

हां.

आणखी एकदा, जरा मोठ्यानं हलवा.

हां. झालं. आता मागची वायर काढा, खोक्यात घाला ते, अन् बूट दाराशी हायत तुमचं. जावा.